आप्पांचा ळ

निर्नाद कक्षाचं जाड दार बंद झालं, की पहिल्यांदा आत आलेल्या माणसाला आपल्याच पोटातली गुरगुर ऐकू येते. भिंतींना, छताला, अगदी पायाखालच्या जाळीखालीही आवाज गिळणारे शंकू लावलेले. टाळी वाजवली तरी ती जागच्या जागी विरते. भलेभले इथून दोन मिनिटांत बाहेर येतात आणि पाणी मागतात. केतकी दाभाडे मात्र कित्येक वर्षं रोज इथं बसत होती आणि तिला ही खोली आवडायची. तिचा हुद्दा होता ध्वनिपरीक्षक. सरळ सांगायचं तर कंपनी तिला तिच्या कानांचा पगार देत होती.

आज तिच्यासमोर दोन हेडफोन होते, एकावर 'अ'ची चिठ्ठी, दुसऱ्यावर 'ब'ची. दोन्ही अव्वल दर्जाचे. एकेकाच्या किमतीत बरी स्कूटर आली असती. दोन्हींना तार लोंबत होती, पण त्यातली एक तार खोटी, नुसती दाखवायला. एक हेडफोन खरोखर तारेचा होता, दुसरा बिनतारी. कोणता कुठला, हे केतकीला सांगायचं नाही, असा या अंध-चाचणीचा नियम होता.

काचेपलीकडे डॉ. निखिलेश सबनीस येरझाऱ्या घालत होता. बिनतारी हेडफोनमधला 'अनुमानक' हे त्याचं अपत्य. केतकीनं 'फरक ओळखता येत नाही' अशी सही केली, की त्या हेडफोनवर 'तारेइतका खरा' असा शिक्का बसणार होता, आणि तारेचे हेडफोन बनवणं कंपनी कायमचं थांबवणार होती.

"सबनीस, बस की एका जागी," केतकी कक्षातल्या माइकमधून म्हणाली. "बायको आत बाळंत होत असल्यासारखा काय फिरतोस?"

"तुला गंमत वाटते," तो बाहेरच्या माइकवरून म्हणाला. " माझं सगळं आयुष्य तुझ्या त्या दोन कानांत अडकलंय."

"मग एकदा नीट सांग, तुझा अनुमानक करतो काय? अहवालात मला सोप्या शब्दांत लिहायचंय."

सबनीसला एवढंच हवं होतं. तो काचेला नाक टेकवून उभा राहिला. "लग्नात भटजी 'शुभमंगल' म्हणतात. पुढचं 'सावधान' तुला ऐकू येतं का?"

"छे. तेवढ्यात बँडवाला सुरू होतो. पण ऐकल्यासारखं वाटतं खरं."

"तेच! बिनतारी वाट अरुंद असते, सगळा आवाज तिच्यात मावत नाही. पूर्वी तो चेपून पाठवायचे आणि तुझ्यासारखे लोक नाकं मुरडायचे. मी आवाज पाठवतच नाही. पुढं काय ऐकू येणार हे अनुमानक आधीच ओळखतो आणि स्वतःच वाजवतो. तिकडून फक्त त्याची चूक कळवायची. अनुमान बरोबर असेल, तर काहीच पाठवायचं नाही."

"आणि चूक बारीकशी असेल तर?"

"बारीकसारीक फरक म्हणजे गोंगाट. तो टाकून देतो. अनुमान पारच फसलं तर मात्र हात टेकतो आणि येईल ते जसंच्या तसं सोडतो. पण असं क्वचित. माणसं रोज तेच ते बोलतात गं, आणि अनुमानक रोज ऐकून शिकत असतो. घरच्या माणसाचा आवाज तर त्याला पाठच होतो."

घरच्या माणसाच्या आवाजानंच आजची चाचणी व्हायची होती. जो आवाज परीक्षकाला सगळ्यात ओळखीचा, त्याच्यात तो खोट चटकन पकडतो, हा या प्रयोगशाळेचा जुना दंडक. केतकीसाठी तो आवाज आप्पांचा होता. वाईला आप्पांच्या बैठकीत प्रयोगशाळेनं एक मोजणीचा माइक ठेवला होता आणि तिथून थेट इथपर्यंत स्वतंत्र प्रकाशतंतू टाकला होता. मधे कुठलीही कापाकापी नाही, चेपाचेपी नाही.

रघुवीर दाभाडे, म्हणजे आप्पा, उमेदीत रेडिओवर बाजारभाव सांगायचे. सांगायचे काय, गाजवायचे! त्यांचा 'ळ' ऐकायला लोक कामं थांबवत. जीभ अशी मागं वळायची आणि ळ असा घुमून यायचा, की केळी नुसती ऐकूनच पिकलेली वाटावीत. आता ते एकटे राहत. कान पार गेले होते. गेल्या दिवाळीला केतकीनं त्यांना कंपनीचा बिनतारी हेडफोन दिला होता, याच अनुमानकाचा. तो कानावर नसला तर त्यांना दारावरची थाप ऐकू येत नसे. स्वतःचा आवाजही ते त्यातूनच ऐकत.

"आप्पा, येतंय का ऐकू?"

"येतंय की. तू सुरू कर तुझं. पण काय गं, हल्ली तू बातम्या दिल्यासारखी बोलतेस. निवेदक मी होतो की तू?"

"तुमचीच मुलगी ना!" केतकी हसली. "चला, जीभ मोकळी करा."

आप्पांनी घसा खाकरला आणि रेडिओवर जाण्याआधी रोज म्हणायचे ते म्हटलं, "काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले." केतकीनं आधी 'अ' लावून ऐकलं, मग 'ब'. दोन्हीकडे ळ खणखणीत. तिला फरक सापडेना. बाहेर सबनीसनं देवाचं नाव घेतलं असणार, कारण त्याचे ओठ हलत होते.

मग आप्पांनी मनचे बाजारभाव रचून सांगायला सुरुवात केली. केतकी हेडफोन आलटून पालटून लावत होती. जळगावची केळी तेजीत. कोल्हापुरी गूळ स्थिर. अर्धाअधिक बाजार झाला असेल, तेव्हा ती थबकली. 'अ'मधून आलं, "नारल आणि तील यांत किंचित घट." तिनं झटकन 'ब' लावला. "डाळ मात्र कडाडली." स्वच्छ. पुन्हा 'अ'. "जांभूल बाजारात आलं नाही."

"सापडला!" ती म्हणाली. "'अ'मध्ये दोष आहे. ळ बसतोय. ल ऐकू येतोय."

सबनीसनं पाकीट फोडून चिठ्ठी पाहिली आणि चक्क उडी मारली. "'अ' म्हणजे तार! केतकी, तार हरली! माझा निर्दोष, तुझी लाडकी तार सदोष!"

केतकीला ते पटेना. तिनं आप्पांना बोलत राहायला सांगितलं आणि तार बदलली. ळ बसलेलाच. खोबणी बदलली. तेच. हेडफोनच दुसरा, कोरा करकरीत आणला. त्यातूनही आप्पा म्हणाले, "कोथिंबिरीची जुडी मिलेनाशी झाली." सबनीसनं तारेतून मोजणीचा सूर सोडून पाहिला. पडद्यावरची रेघ सुतासारखी सरळ होती.

"तारेत काही नाही," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता. "माइकही ठीक आहे."

"सुरुवातीला 'अ'मधून ळ नीट आला होता, सबनीस. मी स्वतः ऐकलाय."

तार नीट, माइक नीट, हेडफोन नीट. राहता राहिलं ते बोलणारं तोंड.

जीभ अचानक जड पडणं म्हणजे काय, हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं औषध असतं, पण ते वेळेत मिळालं तरच. उशीर झाला तर आप्पा उरतील, त्यांचं बोलणं उरणार नाही. कदाचित आप्पाही उरणार नाहीत.

"आप्पा! तुमची जीभ अडखळतेय. हात वर करून बघा. दोन्ही हात!"

"काही अडखलत नाही," तारेतून आप्पा म्हणाले. "मला माझा आवाज ऐकू येतोय ना. ठणठणीत आहे. डावा हात जरा मुंग्या आल्यासारखा झालाय, अवघडून बसलोय म्हणून. आणि तू एवढी शांतपणे सांगतेस म्हणजे काही विशेष नसणार."

शांतपणे? केतकी जिवाच्या आकांतानं ओरडली होती. तिनं सबनीसकडे पाहिलं. तो खाली मान घालून पुटपुटला, "तुझं ओरडणंही त्यांच्या अनुमानकानं गोंगाट म्हणून टाकलं असणार. तू त्यांच्याशी कधी ओरडून बोलत नाहीस."

शेजारचे गिजरे लग्नाला गेले होते. घरात कॅमेरा नव्हता. आवाजाच्या माणसाचा चेहरा काय बघायचा, असं म्हणून आप्पांनी कधी तो बसवूच दिला नव्हता. केतकीनं वाईच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिथल्या रेश्मानं नियमाप्रमाणे आप्पांना लाइनवर घेतलं.

"काका, बरं वाटतंय ना?"

"मला काय धाड भरलीय? पोरगी उगाच घाबरते. चहा करून घ्यायची वेल झाली माझी."

"मॅडम," रेश्मा केतकीला म्हणाली, "काका तर माझ्यापेक्षा स्वच्छ बोलतायत. मेंदूघाताची गाडी आमच्याकडे एकच आहे आणि ती आत्ता पाचगणीच्या कॉलवर निघतेय. माणूस शुद्धीत आहे, नीट बोलतोय आणि नको म्हणतोय. कशाच्या आधारावर वळवू मी ती?"

"तुमच्या कानावर काय आहे? बिनतारी हेडफोन?"

"हो, गेल्या वर्षी सगळ्यांना नवीन दिले. एकदम भारी आवाज येतो."

सबनीसनं कपाळाला हात लावला. माइकमधला खरा आवाज रेश्माला पाठवला असता, तरी तो तिच्या कानाशी येऊन दुरुस्तच झाला असता. साऱ्या जगानं हौसेनं कानाला लावून घेतला होता त्याचा शोध.

"आप्पा, राळे म्हणा! काळे राळे म्हणा!"

"आता? बरं बाई. काले राले, गोरे राले, राल्यात राले मिसलले."

"ऐकलंत?" केतकीनं रेश्माला विचारलं.

"ऐकलं ना. मला सात जन्मांत असं म्हणता यायचं नाही. मॅडम, मी गाडी सोडतेय हं पाचगणीला."

"अगं, राळे काय म्हणायला लावतेस!" सबनीस काचेवर मुठी आपटत ओरडला. "राळे म्हणजे 'शुभमंगल सावधान'च! पहिला शब्द आला की अनुमानक पुढचं स्वतःच वाजवतो. त्याला माहीत नाही असं काहीतरी म्हणायला लाव. कुठं छापलेलं नाही, रेडिओवर नाही, फोनवर नाही, असं काहीतरी!"

असं काय असतं? अभंग, आरत्या, पाढे, शिव्या, सगळं त्या यंत्राला पाठ. मग केतकीला आई आठवली. आईनं रागावून स्वयंपाकघरात जावं आणि बाहेर बाप-लेकीनं च-च्या भाषेत तिची टवाळी करावी. शब्दाचं पहिलं अक्षर काढायचं, तिथं च लावायचा आणि काढलेलं शेवटी जोडायचं. आई चिडायची, "काय ते चिमण्यांसारखं लावलंय!" ती भाषा कुणी लिहीत नाही. कुणी ती फोनवर बोलत नाही.

"आप्पा!" ती म्हणाली. "चलाम चीतीभ चाटतेयव!" मला भीती वाटतेय.

तिकडून आप्पांचा बारीक झालेला आवाज आला. "केतकी? अगं, तू... तू रडतेस होय?"

"चाळेर चणाम्ह, आप्पा! राळे, पण च-च्या भाषेत!"

आप्पांनी श्वास घेतला. "चालेक चालेर," ते म्हणाले. "चोरेग चालेर..." आणि थांबले. वर्षात पहिल्यांदाच त्यांना स्वतःचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला होता. "चाह चीम?" त्यांनी विचारलं. हा मी?

"अगं बाई," रेश्मा म्हणाली. तिचा सूर पार बदलला होता. "काकांची जीभ गेलीय! काका, तसेच बसून राहा, हलू नका. जागचे उठू नका! मॅडम, पाचगणीला मी साताऱ्याहून पाठवते. ही वळवली बघा, वळवली."

केतकी जाळीवर बसली. सबनीस दार उघडून आत आला आणि तिच्याशेजारी बसला. गाडीचा भोंगा तारेतून ऐकू येईपर्यंत ती आप्पांशी च-च्या भाषेत काहीबाही बोलत राहिली.

औषध वेळेत मिळालं. आप्पा वाचले, हातही सुधारला. फक्त ळ गेला. डॉक्टरांनी केतकीला मेंदूचं चित्र दाखवलं. ताज्या डागाशेजारी दोन जुने, बारीक डाग होते.

"हे वर्षभरातले आहेत," डॉक्टर म्हणाले. "बोलण्यात थोडाफार फरक पडला असणार. तुम्ही रोज बोलायचात म्हणता. काहीच कसं जाणवलं नाही?"

कानांचा पगार घेणारी ही बाई रोजचे फोन अनुमानकाच्याच हेडफोनवरून ऐकत होती. तिनं मान खाली घातली आणि ती रडली.

आप्पांना वेगळंच काही सांगायचं होतं. पलंगावर पडल्या पडल्या ते म्हणाले, "खरं सांगू? वर्षभर मला वाटायचं, पोरगी कंटाललीय आपल्याला. कर्तव्य म्हणून फोन करते. त्या दिवशी 'चलाम चीतीभ' म्हणालीस आणि कललं, आहे, माझी केतकी आहे अजून."

केतकीनं चाचणीच्या त्या कागदावर सही केली नाही. सबनीसही तिच्या बाजूनं भांडला, स्वतःच्याच शोधाविरुद्ध, आणि हरला. चाचणीला बसलेल्या बहुतेक श्रोत्यांनी बिनतारी आवाज 'जास्त खरा' ठरवला होता. शिक्का बसला. तार लावायचं भोक असलेला फोन तर बाजारातून आधीच गेला होता. हेडफोनशिवाय आप्पांना ऐकू येत नव्हतं आणि अनुमानकाशिवाय हेडफोन मिळत नव्हता.

मग बाप-लेक रोज संध्याकाळी च-च्या भाषेतच बोलू लागले. भाजी काय केली, गिजऱ्यांची सून काय म्हणाली, जिभेचे व्यायाम झाले का, सगळं च-मध्ये. आप्पांचा बसका ल ऐकू आला की केतकीला बरं वाटायचं. खरा आहे ना, मग झालं. तिचा आवाज दमलेला असला की आप्पांना लगेच कळायचं. सबनीसला तिनं हे सांगितलं, तेव्हा तो खूश झाला नाही. "अनुमानकही रोज ऐकतोय. चालेल तोवर बोलून घे," एवढंच म्हणाला.

आणि एका संध्याकाळी आप्पा म्हणाले, "चाळेक चाळेर, चोरेग चाळेर, चाळ्यातर चाळेर चिसळलेम!"

ळ! जुना, रेडिओवरचा, मागून घुमून येणारा ळ. केतकी खुर्चीवरून उठलीच. व्यायामांना यश आलं! तिला हुंदका आवरेना. रडत, हसत, तिनं च-च्या भाषेतच आप्पांचं तोंडभरून कौतुक केलं.

पलीकडून आप्पांनी च-च्या भाषेतच विचारलं, "आनंद नाही का गं झाला तुला? इतकी कोरडी का बोलतेस?"

केतकीचे अश्रू गालावरच थांबले. तिनं हळूच हेडफोन काढला, टेबलावर ठेवला आणि गाडीची किल्ली उचलली.

वाईला पोचली तेव्हा आप्पा अंगणात तुळशीला पाणी घालत होते. कानावर काही नव्हतं. फाटकाचा आवाज त्यांना ऐकू आला नाही. ती समोर येऊन उभी राहिली, तेव्हा ते दचकले आणि मग त्यांचा चेहरा फुलला.

"अगं, या वेलेला कशी काय तू?"

केतकी बोलायला लागली. त्यातलं काही त्यांना ऐकू आलं नाही. आप्पांनी तांब्या खाली ठेवला, जवळ येऊन तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि खांद्यावरचा पंचा तिच्या हातात दिला.

"डोले पूस आधी," ते म्हणाले.